तिसरीतलं मूल नेमकं काय शिकतं?

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या एका प्रश्नाचे उत्तर जोडले आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्याच एका स्नेह्यांनी विचारलं, "तिसरीवर तासभर काय बोलणार?" त्यांचं चुकलं नाही. दहावीवर सगळे बोलतात. पहिलीच्या प्रवेशावर बोलतात. चौथी म्हटलं की शिवछत्रपतींचं पुस्तक आठवतं. तिसरी मात्र कोणाला आठवत नाही. आम्ही काही जण, त्यात शिक्षक आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, नुसते पालकही आहेत, गेली काही वर्षं शनिवारी सकाळी तिसरीच्या मुलांबरोबर बसून वाचतो. संस्था वगैरे काही नाही, एक सतरंजी आणि पुस्तकं. तिथे जे दिसलं त्यावरून आमचं असं मत झालं आहे की मूल शाळेत पुढे शिकणार की नुसतं वर सरकणार, हे बऱ्याच अंशी तिसरीत ठरतं. ते का, हे आज सांगायचं आहे.

सुरुवातीला तुमची एक छोटी परीक्षा घेतो. उतारा वाचतो, नीट ऐका.

'एका गावात एक ढोमका राहत होता. तो रोज सकाळी लवंदीला जाई. एके दिवशी लवंदीत त्याला तीन चिपुळे सापडले. चिपुळे पाहून ढोमका खूप झिंबळला.'

आता प्रश्न. ढोमका रोज सकाळी कुठे जाई? (सभागृहातून : लवंदीला!) बरोबर. त्याला किती चिपुळे सापडले? (तीन!) शाब्बास. चिपुळे पाहून ढोमक्याचं काय झालं? (झिंबळला!) तीनपैकी तीन गुण. आता आमचा चौथा प्रश्न. ढोमका माणूस आहे की बेडूक? आणि झिंबळला म्हणजे खूश झाला की घाबरला?

(हशा)

तुम्ही हसलात. पण 'एका वाक्यात उत्तरे लिहा' या प्रकारात तिसरीचं मूल वर्षभर हेच करतं. प्रश्नातला एखादा ओळखीचा शब्द उताऱ्यात शोधायचा, तो ज्या वाक्यात असेल ते वाक्य वहीत उतरवायचं, खाली रेघ मारायची. उत्तर बरोबर, वही पूर्ण, बाईंची सही. अर्थ कळला की नाही हे विचारायची वेळच येत नाही. मूल आळशी आहे म्हणून असं करतं असं समजू नका. मुलं हुशार असतात. कमी श्रमात काम होतंय हे त्यांना आपल्याआधी कळतं.

हे तिसरीतच का सुरू होतं? आपल्या अभ्यासक्रमाची रचना जरा बघू. महाराष्ट्रात पहिली-दुसरीला मुख्य विषय तीन : भाषा, गणित, आणि 2000 सालापासून पहिलीतच आलेलं इंग्रजी. तिसरीला 'परिसर अभ्यास' हा नवा विषय येतो. दिसायला एकच विषय वाढला. पण त्याबरोबर एक मोठा फरक पडतो. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकत असतं. तिसरीत त्याला वाचून शिकावं लागतं. वाचन आतापर्यंत शिकण्याचा विषय होता, आता ते शिकण्याचं साधन झालं. पाणी कुठून येतं, अन्न कसं टिकवतात, गावाचा कारभार कोण बघतं हे सगळं पुस्तक सांगणार आणि मुलाने ते वाचून समजून घ्यायचं, असं गृहीत धरलेलं असतं.

हे गृहीत कितपत खरं आहे? 'असर'चे अहवाल तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. प्रथम ही संस्था 2005 पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासते. त्यात दुसरीच्या पातळीचा एक छोटा उतारा मुलाला वाचायला देतात. देशभरात तिसरीतल्या किती मुलांना तो वाचता आला? 2018 मध्ये 27.3 टक्के. कोरोनानंतर 2022 मध्ये 20.5 टक्के. 2024 मध्ये परत 27.1 टक्के. घसरण भरून निघाली याचा आनंद आहेच. पण आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचू या. तिसरीच्या चार मुलांपैकी जवळजवळ तीन मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, आणि तिसरीचं पुस्तक चारही मुलांच्या हातात आहे.

मग ती तीन मुलं वर्गात काय करतात? फळ्यावरून उतरवून घेतात. अक्षर अनेकदा फार सुंदर असतं. सतरंजीवर आम्हाला एक मुलगी भेटली, तिची वही कुणालाही दाखवावी अशी. तिचंच एक उत्तर आम्ही तिला वाचायला सांगितलं. तिने वही मिटली आणि उत्तर पाठ म्हणून दाखवलं, एकही चूक न करता. वही उघडून त्यातला मधलाच एक शब्द दाखवला, तर तो तिला वाचता येईना. दोन वर्षांत तिच्याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. तक्रार नव्हती म्हणूनच तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

1993 साली प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने 'ओझ्याविना शिक्षण' या विषयावर अहवाल दिला. दप्तराच्या वजनाचा विषय निघाला की त्याची आठवण काढतात. पण त्या अहवालाचं खरं म्हणणं असं होतं की दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त घातक आहे. आपण काय केलं? वजन तेवढं हाती घेतलं. अगदी अलीकडे, 2023-24 पासून, आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली आणि पुस्तकाचे चार भाग केले. पुढे तो प्रयोग गुंडाळला. हेतू चांगला होता, त्यावर टीका करायची नाही. पण वजन काट्यावर मोजता येतं म्हणून ते मोजलं गेलं, आणि न समजणं मोजायला मुलाशेजारी बसावं लागतं म्हणून ते राहून गेलं, असं आम्हाला वाटतं.

आता गणिताकडे वळू, कारण तिथे हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते.

बावन्न वजा सत्तावीस. हातच्याची वजाबाकी. मुलाने उत्तर लिहिलं पस्तीस. आपण लाल फुली मारतो. पण पस्तीस आले कुठून? एककाच्या घरात वर 2, खाली 7. मुलाने 7 मधून 2 काढले, उरले 5. दशकात 5 मधून 2 काढले, उरले 3. झाले पस्तीस. आता आठवा, पहिलीत आपणच त्याला काय सांगितलं होतं? 'नेहमी मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची.' मूल नियम मोडत नाहीये, आपणच दिलेला नियम इमानाने पाळतंय. दशक सुटा करायचा म्हणजे काय, एका दशकाचे दहा एकक होतात म्हणजे काय, हे त्याने काड्यांचा गठ्ठा सोडून हाताने केलेलं नसेल, तर 'शेजारून उसना घे' हे त्याच्या लेखी मंत्रासारखंच. 'असर'मध्ये हातच्याची वजाबाकी जमणारी तिसरीची मुलं 2022 मध्ये 25.9 टक्के होती, 2024 मध्ये 33.7 टक्के झाली. सुधारणा आहे. तरी तीनातल्या दोघांना ती येत नाही.

आणि याच मुलाला दुकानात पाठवा. बावन्न रुपये दिले, सत्तावीसचं सामान घेतलं, किती परत आणशील? ते बोटांवर मोजतं : सत्तावीसला तीन, तीस, तिसाला वीस, पन्नास, वर दोन. पंचवीस. उत्तर बरोबर! कागदावर पस्तीस, दुकानात पंचवीस, आणि दोन्ही उत्तरं एकाच मुलाची. 2025 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. दिल्ली-कोलकात्याच्या बाजारात काम करणारी मुलं भाजीचा गुंतागुंतीचा हिशोब तोंडी अचूक करतात आणि शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या गणितात अडतात. उलट नुसती शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळतात. दोन गणितं शेजारी शेजारी राहतात, त्यांची ओळख कोणी करून देत नाही. ती ओळख करून देण्याचं वर्ष म्हणजे तिसरी.

मराठी मुलापुढे आणखी एक अडचण असते. आपली संख्यानामं. एकोणचाळीस म्हणताना तोंडात चाळीस येतात आणि लिहायचे असतात तीन आणि नऊ. तिसरीत तीन अंकी संख्या पक्क्या व्हाव्यात अशी अपेक्षा असते. 'दोनशे एकोणचाळीस' ऐकून कुणी 249 लिहितं, तर कुणी 20039. दोनशे ऐकलं, दोनशे लिहिलं. एकोणचाळीस ऐकलं, ते पुढे लिहिलं. चूक आहे, पण तिच्यामागे विचार आहे.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असंही वाचायला दिलं होतं. त्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. जुनी नावं पुसलेली नव्हती, नव्या वाचनाची जोड दिली होती. पण केवढा गदारोळ झाला! विधिमंडळापासून मोबाइलवरच्या विनोदांपर्यंत. मराठी बुडाली, असं लोक म्हणाले. आम्हाला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की त्या वादात मूल कुठेच नव्हतं. मोठ्यांना आपल्या पाढ्यांची आठवण प्यारी होती. एकोणचाळीस हा शब्द सुंदरच आहे, तो राहिला पाहिजे. पण सात-आठ वर्षांच्या मुलाला तिथे ठेच लागते, एवढं तरी मान्य करायला काय हरकत होती?

आता परिसर अभ्यास. तुमच्यापैकी अनेकांना तिसरीचं जिल्ह्याचं पुस्तक आठवत असेल. तिसरीला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र, पाचवीला भारत, अशी चढण आपण चढलो. त्यामागची कल्पना चांगली होती : जवळून सुरुवात, मग दूर. पण मुलाच्या दृष्टीने जिल्हा जवळ आहे का? जिल्ह्याची हद्द प्रशासनाने आखलेली असते. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. वसईतलं मूल आदल्या दिवशी ठाणे जिल्ह्याचं होतं, दुसऱ्या दिवशी पालघरचं. त्याचं घर, त्याची शाळा, आईवडिलांची मुंबईची लोकल, यातलं काहीच हललं नाही. आणि त्याच्या घराचं पोट भरतं ते मुंबईवर, ती मुंबई त्याच्या जिल्ह्यात ना आधी होती, ना नंतर.

मिरजेचं उदाहरण घ्या. मिरज सांगली जिल्ह्यात. तिथली तंबोरे-सतारी करणारी घराणी प्रसिद्ध आहेत. 'आमच्या जिल्ह्यातील प्रसिद्ध व्यवसाय' या प्रश्नाचं उत्तर मूल लिहील, 'मिरजेत तंबोरे तयार होतात.' एक गुण. पण तंबोऱ्याचा तो मोठा भोपळा येतो पंढरपूरकडून, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातून. तिकडेच का पिकतो, सालीची जाडी कशी बघतात, वाळवतात कसा, कापतात कोण? एवढं विचारलं तर नदी, माती, पाऊस, रस्ता, बाजार, कारागीर, गाणं, सगळा परिसर अभ्यास एका भोपळ्यातून उलगडतो. त्यासाठी जिल्ह्याच्या हद्दीपाशी थांबून चालत नाही, आणि 'व्यवसाय कोणता?' एवढं विचारूनही भागत नाही.

आम्ही पुस्तकांना नावं ठेवायला आलेलो नाही. बालभारती 1967 सालची. गेल्या काही दशकांत तिची प्राथमिकची पुस्तकं पुष्कळ बदलली, चित्रं चांगली झाली, 'सांगा पाहू', 'करून पहा' अशा चौकटी आल्या. खरं सांगायचं तर पुस्तकात जे आहे त्यातलं निम्मं जरी वर्गात घडलं तरी आमचं हे भाषण रद्द करावं लागेल. पण 'करून पहा' ही चौकट वर्गात बहुधा वाचून पाहिली जाते. कारण परीक्षेत आणि वहीत दिसतं ते स्वाध्यायाचं उत्तर. आणि यात आपणही आलो बरं का, पालक. संध्याकाळी पालकांच्या गटावर मेसेज येतो, 'पाठ पाचची उत्तरं कुणीतरी टाका प्लीज.' दहा मिनिटांत फोटो येतो. त्या गटावर 'माझ्या मुलाला हा पाठ समजला नाही' असा मेसेज आम्ही अजून वाचलेला नाही. आम्हीही कधी टाकलेला नाही.

आता जरा कठीण भागाकडे येऊ. शिक्षकांची परिस्थिती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवायचं. साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. म्हणजे जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या पुष्कळ शाळांत एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. तिसरीला लेखन दिलं की बाई चौथीकडे वळतात. तिसरीचं मूल हाताने उतरवत असतं आणि कानाने चौथीचा अफजलखान ऐकत असतं. म्हणून द्विशिक्षकी शाळेत तिसरीच्या मुलांना प्रतापगड तोंडपाठ असतो! हे विनोदाने सांगतोय, पण त्यात एक धडा आहे. जे गोष्ट म्हणून ऐकलं ते न शिकवता आलं, आणि जे उतरवून घेतलं ते शिकवूनही आलं नाही.

आणि भाषा. मेळघाटातलं कोरकू मूल घ्या. कोरकू ही मराठीच्या कुळातलीसुद्धा नाही, ती मुंडा गटातली भाषा. त्या मुलाला तिसरीचं पुस्तक म्हणजे आपल्याला मघाचा ढोमक्याचा उतारा. प्रत्येक पान तसं. ते मूल शोधून शोधून उत्तर लिहितं आणि आपण म्हणतो, बघा, प्रगती आहे.

धोरणांबद्दल थोडक्यात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पायाभूत टप्पा दुसरीला संपतो आणि तिसरीपासून पुढचा टप्पा सुरू होतो. आणि 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचं उद्दिष्ट आहे की 2026-27 पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीच्या अखेरीस समजून वाचता यावं, मूलभूत गणित यावं. दोन्ही आपापल्या जागी ठीक. पण तिसरीच्या बाईंनी काय समजायचं? त्यांचा वर्ग पायाचा शेवटचा की मजल्याचा पहिला? प्रत्यक्षात त्यांना दोन्ही करावं लागतं : ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचायला शिकवायचं आणि त्याच वेळी सगळ्यांचा अभ्यासक्रम पुरा करायचा. पुरा झालेला अभ्यासक्रम नोंदवहीत दिसतो, न आलेलं वाचन दिसत नाही. मग कोणतं काम आधी होणार, हे सांगायला नको.

तर तिसरीत मूल काय शिकतं? पाठ्यक्रमात लिहिलेलं शिकतं की नाही ते मूल-मुलागणिक वेगळं. पण एक गोष्ट बहुतेक सगळी शिकतात, ती कुठल्याही पाठ्यक्रमात नाही : न समजताही चालून जातं. समजणं ऐच्छिक आहे, उत्तर सक्तीचं आहे. आमची तिसरीच्या व्यवस्थेवरची टीका एवढीच आहे. हा धडा एकदा पक्का झाला की मग पाचवी, आठवी, दहावी, पुढे कॉलेज, सगळीकडे ढोमका झिंबळत राहतो.

काय करता येईल? मोठी योजना आमच्याकडे नाही. तीन साध्या गोष्टी सांगतो. पहिली, तिसरीत रोज एक तास वाचनाचा, आणि तो इयत्तेप्रमाणे नाही तर मुलाला जे वाचता येतं त्या पातळीप्रमाणे गट करून. हे प्रथमने आणि अनेक सरकारी शाळांनी करून पाहिलेलं आहे, नवीन नाही. दुसरी, प्रत्येक पाठाला निदान एक प्रश्न असा, की ज्याचं उत्तर उताऱ्यात शोधून सापडणार नाही. ढोमका माणूस की बेडूक? तू असतास तर काय केलं असतंस? हे तुझ्या घरी कसं करतात? उत्तर दोन शब्दांचं असू दे, अशुद्ध असू दे, अहिराणीत, मालवणीत, कोरकूत असू दे. तिसरी, आणि ही सगळ्यात अवघड : 'समजलं नाही' असं म्हणणाऱ्या मुलाला वर्गात आणि घरात मान मिळाला पाहिजे.

मघाच्या त्या मुलीचं सांगून थांबतो. सहा-सात महिने ती आमच्याकडे आली. सुरुवातीला वही मिटून पाठच म्हणायची. मग एकदा एका गोष्टीत 'ओसाड' असा शब्द आला. तिने बोट ठेवलं, अडखळत वाचला, आणि थांबून विचारलं, "ओसाड म्हणजे?" आमच्यातल्या निवृत्त बाईंनी चष्मा काढून पुसला. आम्हाला तिचं अचूक वाचन ऐकून जितका आनंद झाला नसता, तितका त्या प्रश्नाने झाला.



(प्रश्न : मुलांना नापास करत नाहीत म्हणूनच हे झालं आहे ना? तिसरीत परीक्षा कडक केली तर?)

हा प्रश्न येणारच होता. 2010 ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला, त्यात आठवीपर्यंत नापास करायचं नाही असं होतं. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षेची सोय झाली. तिसरीला ती नाही, आणि नसावी असं आम्हाला वाटतं. जे पुस्तक एक वर्ष समजलं नाही तेच पुस्तक, त्याच पद्धतीने, आणखी एक वर्ष. त्यातून काय नवं कळणार? शिवाय कडक परीक्षा म्हणजे काय? तुम्ही मघाशी तीनपैकी तीन गुण मिळवलेत. पेपर कडक केला असता तरी तुम्ही पास झाला असतात. बदलायचा आहे तो प्रश्न. तपासणी जरूर करा, दर महिन्याला करा. पण मुलाला कुठे अडतंय हे कळण्यासाठी करा. आठ वर्षांच्या मुलाला नापास केलं की ते 'मला समजलं नाही' असं शिकत नाही, 'मी ढ आहे' असं शिकतं. आणि ते मात्र त्याच्या फार पक्कं लक्षात राहतं.